आप्पांची फेरनियुक्ती

चि. बाळास,


आप्पांची आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळावरची मुदत संपते आहे आणि कार्यवाह म्हणून तुझी ही पहिलीच सभा, म्हणून विचारलंस ते बरं केलंस. हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ उरकायचं चाललंय म्हणतोस. ते होऊ देऊ नकोस. नियुक्तीचा विषय नोटिशीत स्वच्छ लिहिलेला हवा. उद्या कुणी धर्मादाय आयुक्तांकडे हरकत घेतली, तर आधी नोटीसच मागतील.

आता माणसाबद्दल. 1983 साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, तेव्हा आप्पांनी जमिनीसाठी आणि परवानगीसाठी मुंबईच्या खेपा घातल्या, हे सगळे सांगतात. त्याचा सत्कार होऊन गेला (शालींचं कपाट भरलंय, वहिनी तक्रार करतात). मत द्यायचं ते पुढच्या मुदतीसाठी. म्हणून मागची इतिवृत्तं काढून बस. हजेरी बघच, पण त्यांनी काय विचारलं तेही बघ. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे एआयसीटीईचं प्रमाण. ते आपल्या वर्गांत रोज दिसतं, की समिती तपासणीला येते त्या दिवसापुरतं? शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जाणाऱ्या प्रस्तावातले खर्चाचे आकडे सहीआधी कुणी वाचले? वर्कशॉपमधली लेथ बंद का? मी मंडळावर होतो तोवर असले प्रश्न आप्पाच विचारायचे, आणि काहींना आप्पा नको आहेत ते त्यामुळेच. वयाचं निमित्त आहे. डोळे मिटून सही करणारा तरुण विश्वस्त आणून काय साधणार?

तेव्हा माझं मत, त्यांना ठेवा. मात्र विषय निघाला की त्यांना बाहेर बसायला सांग, वाईट वाटलं तरी. सूचक-अनुमोदकांत त्यांच्या घरचं कुणी नको. कुणी विरोध केला तर तो इतिवृत्तात नोंदव. ‘एकमताने’ हा शब्द खरा असेल तरच लिहायचा.

मुदत किती, ते संस्थेच्या घटनेत स्वतः वाच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली विश्वस्तांतला बदल कळवणाऱ्या चेंज रिपोर्टला 90 दिवस असतात. ‘नाव तेच आहे, कळवायचं काय?’ असं ऑफिसात म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस, वकिलांना विचार.

ठरावाचा मसुदा झाला की सभेआधी मला पाठव.

तुझा,
काका