मंदीतील घरखर्च : कोणता थांबवावा, कोणता थांबवू नये

आपल्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, मंदी आली की काटकसर करा असे सगळेच सांगतात. पण काटकसर नेमकी कशात करायची?" त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. परंतु रोखीच्या खिडकीवर बसणाऱ्याला माणसांचे घरखर्च फार जवळून दिसतात. कोणी आवर्त ठेव मोडायला येतो, कोणी दागिन्यांवर कर्ज मागतो, कोणी पासबुक भरून घेतो आणि शिल्लक पाहून न बोलता निघून जातो.

प्रथम मंदी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लोकांच्या हातात पैसा कमी आला की खरेदी कमी होते. खरेदी कमी झाली की कारखान्यात व दुकानात काम कमी होते आणि काम कमी झाले की हातातला पैसा आणखी कमी होतो. देशाचे उत्पादन सलग दोन तिमाह्या घटले की त्याला शास्त्रीय भाषेत मंदी म्हणतात. २०२० साली टाळेबंदीनंतर तसे घडले. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले आणि पुढच्या तिमाहीतही घट झाली.

आकडे वर्तमानपत्रात येतात. आपल्या औंढ्यात मंदी वेगळ्या रूपाने आली. लोणावळ्याला पर्यटक येणे थांबले. त्यामुळे चिक्कीच्या दुकानातील कामगार, हॉटेलातील पोरे, टॅक्सीवाले, बंगल्यांवर माळीकाम व राखण करणारे, धरणावर भजी आणि कणसे विकणाऱ्या बायाबापड्या या सर्वांची कमाई एकाच आठवड्यात बंद झाली. लोकल बंद असल्याने चिंचवड-पिंपरीला जाणारे घरी बसले. त्याच वर्षी डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. त्याचे कारण टाळेबंदी नव्हते, परंतु ज्याचे काम गेले त्याला कारणाने काय फरक पडतो?

अशा वेळी प्रत्येक घराने खर्च कमी केला. प्रश्न आहे तो कोणता खर्च आधी कमी केला याचा. मी खिडकीवर बसून आणि गावात वावरून जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, आपण खर्च त्याच्या महत्त्वाप्रमाणे कमी करत नाही, तर त्याच्या आवाजाप्रमाणे कमी करतो. काही खर्च ओरडणारे असतात. टीव्हीचे पैसे भरले नाहीत तर त्याच संध्याकाळी पडदा काळा होतो आणि पोरे रडतात. सावकाराचे व्याज थकले तर तो दारात येऊन उभा राहतो. भावकीतल्या लग्नात आहेर कमी झाला तर वर्षभर बोलणी ऐकावी लागतात. उलट काही खर्च मुके असतात. मुलांच्या ताटातले अंडे बंद झाले तर कोणी दारात येत नाही. विम्याचा हप्ता चुकला तर त्या दिवशी काहीच होत नाही. म्हाताऱ्या माणसाची गोळी बंद झाली तरी महिना-दोन महिने घर पूर्वीसारखेच चालते.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझा पगार चालू होता, तरीही माझी आई त्या काळात रक्तदाबाची गोळी मोडून अर्धी घेत होती. "सगळ्यांचीच ओढाताण चाललीय, म्हटलं आपणही थोडं वाचवावं," असे तिने नंतर सांगितले. महिन्याला वाचले असतील साठ-सत्तर रुपये. चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळले. सुदैवाने हाड मोडले नाही.

दुसरी गोष्ट मात्र सुदैवाची नाही, आणि ती सांगताना मला माझाही दोष सांगावा लागेल. आमच्या आळीतले एक गृहस्थ बंगल्यावर माळीकाम करत. त्यांचे जनधन खाते माझ्याच शाखेत. मे २०२० मध्ये ते आले आणि खात्यात होते नव्हते तेवढे पैसे काढून घेऊन गेले. मीच ते दिले. त्यांच्या खात्यावर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा होता. या योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते, आणि मेच्या अखेरीस खात्यातून वर्षाचा हप्ता आपोआप कापला जातो. तेव्हा तो ३३० रुपये होता. शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तिथेच संपतो. हे मला ठाऊक होते. तरीही मागे रांग होती म्हणून म्हणा, की त्या दिवसांत सगळेच घाईत होते म्हणून म्हणा, मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी मेमध्ये, दुसऱ्या लाटेत ते गेले. वहिनी पासबुक घेऊन आल्या. २०१५ पासून २०१९ पर्यंत दरवर्षी ३३० रुपयांची नोंद होती. २०२० ची नव्हती. "दादा, ह्यातलं काही मिळंल का?" एवढेच त्यांनी विचारले. दोन लाख रुपये मिळाले असते.

तेव्हापासून मी खर्चाला एक प्रश्न विचारतो : हा खर्च सहा महिने थांबवला आणि नंतर पुन्हा सुरू केला, तर सगळे होते तसे परत मिळेल का? नवे कपडे, घराचा रंग, हॉटेलात जेवणे, नवी गाडी, मोठा टीव्ही या गोष्टी सहा महिन्यांनी होत्या तशाच मिळतात. त्या खुशाल थांबवाव्यात. विमा तसा मिळत नाही. पुन्हा नाव घातले तरी सुरुवातीचे काही दिवस अपघाताव्यतिरिक्त आलेल्या मृत्यूला त्याचे संरक्षण नसते. दोन वर्षांच्या मुलाचे अंगावर धरायचे दिवस परत येत नाहीत. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले होते. त्यामुळे धान्याचे जे पैसे वाचले ते डाळ, अंडी, तेल व भाजीकडे वळवायला हवे होते. काही घरांनी तसे केले. बऱ्याच घरांत ते पैसे ओरडणाऱ्या खर्चाकडेच गेले.

या विषयावर आपल्या वाचनातील दोन सुत्ते फार उपयोगी आहेत. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग संकटासाठी राखून ठेवायचा. आपण प्रवचनात चौथ्या भागावर भर देतो. मला मात्र मधले दोन भाग महत्त्वाचे वाटतात. अर्धी मिळकत कामात घालावी हे मजुराच्या घरी शब्दशः शक्य नाही, हे उघड आहे. परंतु त्याचा रोख असा दिसतो की, ज्या खर्चावर उद्याची कमाई उभी आहे तो खर्च चैनीत मोडत नाही. मंदीत आपण नेमका तोच कापतो. रिक्षावाला धंदा नाही म्हणून परवान्याचे नूतनीकरण लांबवतो आणि धंदा सुरू होतो तेव्हा त्याची रिक्षा दारात उभी राहते. शिवणकाम करणारी ताई मशीनची दुरुस्ती पुढे ढकलते आणि शाळा उघडताच गणवेशाचे काम दुसरीकडे जाते.

दुसरे सुत्त अंगुत्तरनिकायातले. कोलियांच्या दीघजाणूने विचारले की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला या जन्मी उपयोगी पडेल असे सांगा. तेव्हा इतर गोष्टींबरोबर समजीविता सांगितली आहे, म्हणजे मिळकत व खर्च यांचा तोल. त्यात उधळ्याला तर दोष दिलाच आहे, पण पुरेशी मिळकत असून उपाशी मरणाऱ्यालाही दिला आहे. तिथेच तळ्याचा दृष्टान्त आहे. चार वाटांनी पाणी येते, चार वाटांनी जाते. आपल्याभोवती टाटांची धरणे असल्याने हा दृष्टान्त आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. दारू, जुगार, व्यभिचार आणि वाईट संगत या पाणी जाणाऱ्या चार वाटा आहेत. दारूविषयी मी इथे अधिक लिहीत नाही. ज्या घरात ती आहे तिथे बाकीचा हिशेब करून उपयोग नाही, हे त्या घरातील बाईला माझ्यापेक्षा जास्त कळते.

आता छपराविषयी. शहरातल्या पुस्तकात घरदुरुस्ती हा पुढे ढकलण्यासारखा खर्च असतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात मावळातल्या कितीतरी घरांचे पत्रे उडाले. ज्यांनी उसनवारी करून आठवडाभरात पत्रे बसवले त्यांचे धान्य, मुलांची पुस्तके व भिंती वाचल्या. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जो खर्च थांबू शकतो तो औंढ्यात जूनमध्ये थांबू शकत नाही. खर्चाची यादी दुसऱ्याची पाहून करता येत नाही ती यासाठी. मोबाइलचेही तसेच. मार्चपर्यंत मुलाच्या मोबाइलचे रिचार्ज ही चैन होती आणि जूनमध्ये शाळा मोबाइलवर भरू लागली तेव्हा तीच फी झाली.

कर्जाच्या हप्त्यांबाबत विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोकांना वाटले, सहा हप्ते माफ झाले. समजा, घरासाठी ५ लाख रुपये ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी नुकतेच घेतले आहेत. महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७१ रुपये होतो आणि असे १८० हप्ते भरायचे असतात. पहिले सहा महिने काहीच भरले नाही तर व्याज मुद्दलात मिळून कर्ज सुमारे ५,२२,९०० रुपये होते. हप्ता तेवढाच ठेवला तर आता १८० ऐवजी जवळजवळ १९९ हप्ते भरावे लागतात. म्हणजे आज सुमारे ३०,००० रुपये हातात राहिले, पण शेवटी एकूण ९०,००० हून अधिक जास्त गेले. सरकारने पुढे चक्रवाढ व साध्या व्याजातील फरक परत केला. या उदाहरणात तो सव्वाचारशे रुपयांच्या आसपास येतो. ज्याची कमाई खरोखर बंद होती त्याच्यासाठी सवलत योग्यच होती, कारण तिने त्याचे घर वाचवले. परंतु पगार चालू असणाऱ्यांनीही अर्ज केले. मीही फॉर्म भरायला घेतला होता. "व्याज थांबणार आहे का?" असे पत्नीने विचारले आणि मी फॉर्म खाली ठेवला. बँकेतला मी होतो, पण प्रश्न तिला सुचला.

याच्या उलट चूक स्वाभिमानी माणसे करतात. त्यांना ठेव मोडणे नामुष्कीचे वाटते. एका ओळखीच्याने २०,००० रुपयांची ठेव तशीच ठेवून सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना दराने पैसे घेतले. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर बहुतेक बँका एखादा टक्का व्याज कापतात. चौथा भाग संकटासाठी ठेवायचा, तर संकट आल्यावर तो वापरायला लाज कसली? आधी साधी शिल्लक, मग ठेव, मग बँकेत दागिन्यांवर कर्ज. सावकाराचे दार या यादीत मी धरतच नाही.

शिक्षणाचा खर्च हा कामधंद्याच्या दोन भागांत मोडतो असे मी मानतो. बाबासाहेब १९२० नंतर लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेत असताना पोटाला चिमटा घेत होते, पण पुस्तके व अभ्यास यांना त्यांनी कात्री लावली नाही. आपल्या घरांतून मंदीत पहिली कात्री बहुधा मुलीच्या शिक्षणाला लागते. त्यातही फीपेक्षा बारीक खर्च आडवे येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी वडगावला तहसील कचेरीत जावे लागते, एक-दोन दिवसांचा रोज बुडतो, प्रवासाला पैसे लागतात. या दोनशे-तीनशे रुपयांपायी हजारोंची शिष्यवृत्ती सुटलेली मी पाहिली आहे. अर्जाची मुदत संपली की त्या वर्षाची शिष्यवृत्ती सहा महिन्यांनी परत मिळत नाही.

समारंभांविषयी लिहिले तर काहींना राग येईल. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती. आपल्या वस्तीतही त्या वर्षी लग्ने झाली, त्रिसरण-पंचशील झाले, वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि कोणाचाही संसार त्यामुळे अडला नाही. त्याच वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण घरोघरी साजरी केली. बंधने उठताच हॉल, डीजे आणि पाचशे माणसांची पंगत परत आली. खिडकीवर वैयक्तिक कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या बापाला मी कारण विचारतो, तेव्हा तो खाली पाहून 'घरगुती' असे सांगतो. वर्गणीही ओरडणारा खर्च आहे, हे संस्थेचा सभासद असूनही मी मान्य करतो. ज्याच्या घरी काम बंद आहे त्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन चौघांनी उभे राहू नये.

विद्यार्थ्यांनी एक महिना घरचा हिशेब लिहून पाहावा. प्रत्येक खर्चापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : हा थांबवला तर कोण ओरडेल, आणि सहा महिन्यांनी काय परत मिळणार नाही. पहिल्या रकान्यात 'कोणी नाही' आणि दुसऱ्यात काहीतरी भरलेले, अशा ओळी शोधाव्यात. त्या बहुधा छोट्या रकमांच्या असतात. हिशेब लिहिताना आईला व आजीलाही विचारावे, कारण औषधाच्या अर्ध्या गोळीची नोंद त्यांच्याशिवाय कोणाजवळ नसते.

१ जून २०२२ पासून जीवन ज्योतीचा हप्ता ४३६ रुपये आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याचा २० रुपये झाला. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या खिडकीच्या काचेवर एक कागद चिकटवतो : 'खात्यात किमान ४५६ रुपये शिल्लक ठेवा.' कोणी सगळे पैसे काढायला आले तर पैसे देण्याआधी मी त्यांना तो कागद वाचायला सांगतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवतो.