केलेल्या कामाची मजुरी

शास्त्रभाग : अनुवाद 24:14, 15; याकोब 5:4.

हैदराबादेत व साऱ्या तेलंगणात 5 ऑक्टोबर 2019 रोजी राज्य परिवहन महामंडळाचे सुमारे 48,000 कामगार संपावर गेले. महामंडळ सरकारात विलीन करावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. मुदतीत कामावर न आलेल्यांनी आपली नोकरी आपणच गमावली, असे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी जाहीर केले. संप 52 दिवस चालला. प्रवाशांचे हाल झाले. शाळांची दसऱ्याची सुटीही वाढवावी लागली.

मागणी रास्त होती की नाही, याविषयी मंडळीत मतभेद असतील. परंतु एक गोष्ट निराळी काढून पाहावी. सप्टेंबरचा पगार संपापूर्वी केलेल्या कामाचा होता. तोही अडकून राहिला.

मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे नियमशास्त्र सांगते. कारण गरिबाची चूल तिच्यावर पेटते. हा नियम परदेशी मजुरालाही लागू आहे. मजुराशी आपले पटते काय, अशी अट तेथे नाही. पुढील कराराविषयी वाद घालता येईल. झालेल्या कामाची मजुरी त्या वादात गहाण ठेवता येत नाही.

25 नोव्हेंबरला संप मागे घेण्यात आला व कामगारांना परत घेतले गेले. त्यांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचे विधेयक ऑगस्ट 2023 मध्ये विधानसभेने मंजूर केले.

वर्गात विचारण्यासाठी :
1. संपामुळे ज्या प्रवाशांचे हाल झाले, त्यांच्याविषयी कामगारांचे कर्तव्य काय?
2. मोलकरणीचा किंवा मंदिराच्या रखवालदाराचा पगार आपण रागाने कधी अडवून धरतो काय?