आधी जेवून घे, मग यिर्मया काढ

अगं, ऐक. कंपनीत माणसं कमी करतायत, तुझ्या नवऱ्याचं नाव त्या यादीत आहे की नाही हे कुणी धड सांगत नाही, सासूबाईंची औषधं थांबवता येत नाहीत, मुलांची फी तोंडावर आलीय. आणि एवढं सगळं डोक्यावर असताना तुला वाटतं काय, तर आपला विश्वास कमी पडतोय. आधीचं सगळं मला मान्य आहे गं. हे शेवटचं मुळीच नाही.

तू जेवलीस का, ते आधी सांग. हसू नकोस, शास्त्रातलंच सांगतेय. पहिलं राजे, अध्याय 19 काढून बघ. एलीया रानात एका झुडपाखाली पडलाय आणि देवाकडे मरण मागतोय. बरं, हाच माणूस आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर उभा होता, त्याच्या डोळ्यांदेखत स्वर्गातून अग्नी उतरला होता. तरी धीर सुटला. मग देवदूत येतो, तो काय करतो? बोधबिध काही नाही. त्याला हलवून उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो आणि परत झोपतो. दूत परत येतो, परत खाऊ घालतो. पुढचं बोलणं सगळं त्याच्यानंतर. तेव्हा रात्री दोन वाजता मोबाइलवर मंदीच्या बातम्या वाचत जागायचं आणि सकाळी नुसत्या चहावर प्रार्थनेला बसून मन का लागत नाही म्हणून रडायचं, हे बंद कर बघू.

आता त्या भिंतीवरच्या चौकटीकडे येऊ. यिर्मया 29:11. तुझ्या हॉलमध्ये आहे, माझ्याकडे कॅलेंडरवर होतं, अर्ध्या मंडळीच्या घरात चहाच्या मगावर असेल. देवाने आपल्यासाठी चांगले संकल्प केले आहेत, आशा आहे. परवा तू चिडून म्हणालीस की हे वाचलं की आता उलट टोचतं. खरं सांगू का, ते टोचतं कारण आपण पत्रातलं एकच वाक्य कापून फ्रेम केलंय.

ते पत्र आहे गं. इसवी सनापूर्वी 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतली माणसं उचलून बाबेलला नेली. घरदार गेलं, मंदिर दूर राहिलं, परत कधी जाणार ते माहीत नाही. त्यांना यिर्मयाने लिहिलं. आणि त्या आशेच्या ओळीच्या आधी काय लिहिलंय? तिथेच घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि परत यायला सत्तर वर्षं लागतील. सत्तर! वाचणाऱ्यांतले कितीतरी जण तोवर उरणारही नव्हते. तरी आशेची ओळ त्यांनाच लिहिलेली आहे.

त्याच्या आदला अध्याय तर आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोभावा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाला त्याचं बोलणं आवडतं बघ, तो ‘आमेन’ म्हणतो, असंच होवो म्हणतो. पण ते खरं नव्हतं. म्हणून म्हणते, ‘या महिन्यात तुझं दार उघडणार, हा निरोप दहा जणांना पाठव’ असलं काही आलं की वाचू नकोस, पुढे तर पाठवूच नकोस. तारीख देणारे हनन्या खूप आहेत.

मीही कमी नव्हते म्हणा. घर घ्यावं का असा प्रश्न होता तेव्हा डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं लेवीयमध्ये, भिंतीला चट्टे पडले तर याजकाला बोलवा, त्या भागावर. घर घेतलं तरीही. पहिल्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली, पण ते बिल्डरचं कर्तृत्व, लेवीयचं नव्हे!

तुला काहीतरी हातात धरायला हवंय, कळतंय मला. मग यिर्मयाचाच अध्याय 32 वाच. माझा फार लाडका आहे. बाबेलच्या सैन्याचा शहराला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत, आणि अशा वेळी तो अनाथोथचं चुलतभावाचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तागडीत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कागदपत्रं नीट ठेवणं हेही त्याच्या विश्वासाचंच काम होतं.

मग तुझं मडकं कुठे आहे? कपाटातल्या साडीखाली विम्याचा कागद, फ्रिजवर मुदत ठेवीची पावती, असं चालायचं नाही. एक फाइल कर. नोकरी गेली तर कंपनीचा मेडिक्लेमही जातो, हे लक्षात आहे ना? सासूबाईंना मधुमेह असताना नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. तेव्हा नवऱ्याला आत्ताच विचारायला लाव, हाच विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का. पीएफला नॉमिनी कोण आहे बघ, लग्नाआधीचं नाव तसंच असेल. शाळेत जाऊन फीचे हप्ते करून माग. मागायला लाज वाटते, माहीत आहे. फी थकली की जास्त वाटते.

पंडिता रमाबाईंवर आपण महिला मंडळात भाषण करतो आणि चहा पिऊन घरी येतो. पण बघ ना, आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच 1882 मध्ये कॉलऱ्यानं पती गेले, पदरी तान्ही मनोरमा. केडगावची जमीन त्यांनी आपल्या शारदा सदन या संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून घेतली, तिथे फळझाडं लावली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, पुण्यात प्लेग आला, आणि मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुलींना डोकं टेकायला तीच जमीन कामी आली. लावताना त्यांना हे कुठे ठाऊक होतं? पुढे 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. दुःख झालं नसेल असं कुणी म्हणू नये. काम होतं, ते त्या करत होत्या.

आणखी एक, आणि इथे मी जरा भांडणार आहे. आपल्याकडे रविवारी साक्ष द्यायला कोण उभं राहतं? ज्याची नोकरी लागली तो, जिचं ऑपरेशन नीट झालं ती. ‘अजून काहीच झालेलं नाही, मी फार घाबरलेय’ असं सांगायला कुणी उठत नाही. मग तुझ्यासारखीला वाटतं, सगळ्यांची उत्तरं आली, माझीच अडकली. स्तोत्रसंहिता बघ. कितीतरी स्तोत्रांत तक्रार आहे. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. आणि तरी तेही आपल्या शास्त्रात ठेवलंय. तेव्हा देवाशी बोलताना उगाच शहाण्यासारखं बोलू नकोस. राग आलाय तर राग सांग.

मात्र फक्त देवालाच सांगून थांबू नकोस. पाळकसाहेबांना सांग, मंडळातल्या एकदोघींना सांग. कुणी म्हणेल, जास्त दान दे म्हणजे दुप्पट परत येईल. अशा ठिकाणाहून चप्पल घालून निघायचं. या महिन्यात दशमांश जमत नसेल तर पाळकसाहेबांशी मोकळं बोल, पण सोनं गहाण टाकून दान देऊ नकोस. आणि सासूबाईंना सगळं लपवून ठेवतेस ना, तेही सोड. त्यांनी तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढलेत, त्यांना कळतंय सगळं. रात्रीच्या प्रार्थनेत नोकरीचं नाव घेऊन मागा, मुलांसमोर. मुलं घाबरतील असं वाटतं तुला, पण दाराआडची कुजबुज त्यांना जास्त घाबरवते.

नोकरी राहील का, मला माहीत नाही, आणि तुला खोटा दिलासा देणार नाही. गेली तर दोन महिन्यांचं वाणसामान आणि औषधं कशी भागवायची त्याचा हिशेब आपण दोघी बसून करू. रविवारी उपासना संपली की थांब माझ्यासाठी. विम्याचे कागद आण. मूळ प्रती घरीच ठेव, झेरॉक्स आण.