ट्रॉलीच्या कामाच्या दिव्यास दुसरें बटण

खानदेशांत कपाशीची वेचणी भरांत येते ते दिवस लहान असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस जळगांव-धुळ्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वेचणाऱ्या बायांनीं बांधावर आणून टाकलेल्या कापसाचें वजन होऊन तो ट्रॉलींत भरला जाईपर्यंत अंधार झालेला असतो. रावेर, यावल, चोपडा ह्या तालुक्यांतील केळीच्या बागाईतदारांची अडचण उलट ऋतूंत येते. उन्हाळ्यांत तिकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. कापलेले घड तशा उन्हांत पडूं देणें परवडत नाहीं, म्हणून भराई पहाटे अथवा सांजवेळीं उरकावी लागते. पूर्वी बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील टांगला कीं काम भागत असे. आतां ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जळणारा एक दिवा ट्रॉलीच्या मागल्या बाजूस बसविण्याची चाल पडली आहे, व ती चांगली आहे.

परंतु ह्या दिव्याचें बटण बहुधा चालकाच्या बैठकीजवळ असतें. भराई करणारा माणूस मागें, बटण पुढें, आणि मध्यें सबंध ट्रॉली. चालक बाजूला गेला असल्यास दिवा लावण्याकरितां किंवा मालविण्याकरितां दुसऱ्या कोणास तरी अंधारांत ट्रॅक्टरवर चढावें लागतें. म्हणून मागें दुसरें बटण असावें ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. हें काम तासाभराचें आहे असें समजून पुष्कळ जण तें कसेंबसें करून घेतात. मग तोच दिवा महामार्गावर जळत राहून मागून येणाऱ्याचे डोळे दिपवितो, किंवा सकाळीं बॅटरी उतरलेली सांपडते, किंवा कच्च्या सांध्याची ठिणगी कापसांत पडते. ह्यासाठीं त्यांतील मर्म येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

पांझरेच्या कांठीं फडपद्धतीनें ज्यांचें भिजवणें होत आलें आहे त्या आमच्या वाचकांस विजेच्या तारेची गोष्ट पाटाच्या पाण्यावरून चटकन् समजेल. एका पाटावर दोन दारें एकामागून एक बसविलीं, तर दोन्ही उघडल्याशिवाय पाणी पुढें जाणार नाहीं. पहिल्या बटणाच्या तारेंतच पुढें दुसरें बटण घातलें कीं तोच प्रकार होतो: मागच्या माणसानें दिवा मालविला असेल तर पुढच्यास तो लावतां येत नाहीं. आतां दुसरा प्रकार पाहा. एका पाटाचे दोन फांटे केले, प्रत्येकावर एकेक दार ठेवलें, आणि पुढें ते फांटे पुन्हां एकत्र केले. येथें कोणत्याही एका दारानें पाणी सोडतां येईल खरें, पण बंद करावयाचें तर दोन्ही दारें पाडलीं पाहिजेत. मूळच्या बटणास शेजारून दुसऱ्या बटणाची जोड दिली म्हणजे असेंच होतें. मिस्त्री लोक घाईंत हाच प्रकार अधिक करतात, कारण तो सोपा आहे. चालकानें आपलें बटण बंद केलें, दिवा मात्र मागच्या बटणावर चालूच. आणि चालकास त्याची वार्ता नाहीं.

खरा उपाय तिसरा आहे, आणि तो ज्यांच्या घरास माडी आहे त्यांनीं रोज पाहिलेला आहे. जिन्याचा दिवा खालीं लावून वर मालवितां येतो, तो ज्या जोडणीनें, तीच जोडणी येथें करावयाची. पाटाच्याच भाषेंत सांगावयाचें तर, दोन समांतर फांटे आहेत आणि त्यांच्या दोन्ही टोंकांस एकेक फिरती फळी आहे. फळी एका बाजूस लोटली कीं एक फांटा उघडतो व दुसरा मिटतो. दोन्ही टोंकें एकाच वेळीं मिटूं शकत नाहींत. दोन्ही फळ्यांनीं एकच फांटा उघडा ठेवला असेल तर पाणी वाहतें, नसेल तर तुंबतें. अशा वेळीं कोणत्याही टोंकाची फळी फिरविली असतां वाहतें पाणी थांबतें व थांबलेलें वाहूं लागतें.

ह्यासाठीं साधें बटण चालत नाहीं. ज्यास तीन टर्मिनलें असतात तें टू-वे बटण घ्यावें लागतें, आणि तशीं दोन. बॅटरीची धन तार फ्यूजमधून पुढच्या बटणाच्या सामाईक टर्मिनलास जोडावी. त्या बटणाच्या उरलेल्या दोन टर्मिनलांपासून दोन तारा मागच्या बटणाच्या तशाच दोन टर्मिनलांपर्यंत न्याव्यात. मागच्या बटणाच्या सामाईक टर्मिनलांतून निघालेली तार दिव्यास जाते, व दिव्याची दुसरी तार परत बॅटरीच्या ऋण टोंकाकडे. बहुतेक बटणांत सामाईक टर्मिनल मधलें असतें, परंतु गृहीत धरूं नये. जोडण्यापूर्वीं छोट्या दिव्यानें किंवा मीटरनें तपासून घ्यावें. बाजारांत तीन टर्मिनलांचीं अशींही बटणें मिळतात ज्यांचा खटका मध्यें उभा राहतो व तेथें दोन्ही मार्ग बंद होतात. तीं ह्या कामास निरुपयोगी आहेत. एकानें खटका मध्यें ठेवला कीं दुसऱ्याचें बटण मेलें. घरांतील भिंतीवरचें बटण १२ व्होल्टवर चालतें हें खरें, तथापि त्यांत धूळ व पाणी शिरतें, आणि ट्रॉलीस तर दोन्हींशीं नित्य गांठ आहे. वाहनाकरितां केलेलें, रबरी टोपीचें बंदिस्त बटणच घ्यावें.

आतां ह्या जोडणींतील एक उणीव. साध्या बटणाचा खटका खालीं कीं वर हें पाहून दिवा चालू आहे कीं बंद हें कळतें. टू-वे बटणाचें तसें नाहीं. खटका कोणत्याही बाजूस असो, दिवा चालू असूं शकतो किंवा बंद असूं शकतो. बैठकीवरील चालकास मान वळवून पाहिल्याशिवाय हें समजण्यास मार्ग नाहीं, आणि कापसानें उंच भरलेल्या ट्रॉलीमागचें मान वळवूनही दिसत नाहीं. ह्यास्तव दिव्याकडे जाणाऱ्या तारेला मागें फांटा देऊन तो पुढें आणावा व चालकासमोर एक लहानसा तांबडा खुणेचा दिवा बसवावा. मागचा दिवा जळतो तोंवर पुढचा ठिपका जळेल. आमच्या मतें हा ठिपका नसेल तर दुसरें बटण बसवूंच नये.

हा आग्रह कशासाठीं तें सांगतों. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें रस्त्यावरील वाहनानें मागच्या बाजूस तांबड्याखेरीज दुसरा उजेड दाखवावयाचा नाहीं. दिशा दाखविणारा पिंवळा दिवा, नंबराच्या पाटीवरील दिवा, वाहन मागें घेतांनाचा दिवा, वाहनाच्या आंतील उजेड असे थोडे अपवाद आहेत. भराईचा पांढरा दिवा त्या अपवादांत बसत नाहीं. नियम बाजूस ठेवला तरी कारण उघड आहे. सुरत-धुळें-जळगांव-नागपूर अथवा मुंबई-आग्रा महामार्गावर ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत २२ मीटर अंतर तोडतें. त्याच्या चालकास मागें तोंड केलेला पांढरा दिवा दिसला तर समोरून वाहन येत आहे असें त्यास वाटेल. ट्रॉली आपल्याच दिशेनें संथ चालली आहे हें लक्षांत येईपर्यंत उशीर झालेला असेल.

मागच्या तांबड्या दिव्यांविषयीं त्याच नियमांत असें आहे कीं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापर्यंत ते लावलेले असावेत व त्यांचा उजेड १५५ मीटरांवरून दिसावा. वर सांगितलेल्या वेगानें १५५ मीटर म्हणजे सातच सेकंद. तेव्हां ह्या तांबड्या दिव्यांचा कामाच्या दिव्याशीं कोणताही संबंध जोडूं नये. कित्येक जण एक तार वांचविण्याकरितां टेल लाइटच्याच तारेवरून कामाचा दिवा घेतात. कामाच्या दिव्याचा फ्यूज गेला कीं मग टेल लाइटही जातो, आणि तो नेमका रस्त्यावर असतांना जातो. टेल लाइटचें बटण एकच असावें, तें चालकाच्या हातीं असावें, आणि मागून कोणास तें बंद करतां येऊं नये.

तारेच्या जाडीकडे बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. घरांत २३० व्होल्ट असतात, ट्रॅक्टरवर १२. तितकाच उजेड मिळविण्यास येथें प्रवाह सुमारें एकोणीस पट लागतो. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरांहून अधिक प्रवाह घेतो. बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागच्या टोंकापर्यंत आठ मीटर धरले तर जाऊन-येऊन सोळा मीटर तार झाली. ती दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल तर वाटेंतच जवळ जवळ एक व्होल्ट खर्च होतो. बारांतला एक गेला तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल; परंतु हॅलोजनचा उजेड व्होल्टाच्या प्रमाणांत कमी न होतां त्याहून पुष्कळ झपाट्यानें कमी होतो, आणि येथें सुमारें चतुर्थांश उजेड नाहींसा होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातल्यास हें नुकसान बरेंच कमी होतें. त्याहून शहाणपणाचें म्हणजे हॅलोजन सोडून १८ वॅटचा एलईडी दिवा घेणें. त्यास दीडच अँपिअर प्रवाह पुरतो, दीड चौरस मिलिमीटरची तार भरपूर होते, आणि भराईस लागेल तितका उजेड मिळतो. इंजिन बंद ठेवून चार तास हॅलोजन जाळला तर सुमारें १८ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळ जवळ पाव हिस्सा. एलईडीस तेवढ्याच वेळांत सहा पुरतात. जुनी झालेली बॅटरी पहिल्या खर्चानंतर सकाळीं स्टार्टर फिरवील याचा भरंवसा नाहीं.

फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. दिव्याजवळ ठेवलेल्या फ्यूजला कांहीं अर्थ नाहीं, कारण तार कातरली जाते ती मध्येंच, ट्रॉलीच्या दांडीपाशीं. फ्यूज दिव्याच्या प्रवाहाहून मोठा व तारेच्या सोसण्याहून लहान हवा. १८ वॅटच्या एलईडीस पांच अँपिअरचा ठीक, ५५ वॅटच्या हॅलोजनला दहाचा. १२ व्होल्टचा झटका माणसास जाणवत नाहीं, म्हणून ही वीज गरीब आहे असा समज पसरला आहे. माणसास ती गरीब असेल, कापसास नाहीं. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टर फिरवितांना शेंकडों अँपिअर देते, आणि सोललेली तार लोखंडास टेंकली तर फ्यूज नसतांना तितकाच प्रवाह त्या तारेंतून धांवेल. तार लाल होते, तिचें वेष्टण पेटतें. वाळलेल्या कापसास ह्याहून अधिक कांहीं लागत नाहीं. ढिला सांधाही असाच तापतो. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळण्याची सोय शेताच्या बांधावर अडल्या वेळीं ठीक. कायमच्या कामांत प्रत्येक टोंकास दाबून बसविलेली लग असावी, आणि ट्रॉलीच्या पेटीच्या आंत एकही सांधा नसावा.

तारा पेटीच्या बाहेरून, सांगाड्याच्या आंतल्या कडेनें, नळींत घालून न्याव्या. चाकांपासून व कमानींपासून दूर ठेवाव्या. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर पेटी उचलतांना तार ताणली जाणार नाहीं इतका सैल वेढा बिजागरीजवळ राखावा. मागचें बटण फाळक्यावर कधींही बसवूं नये. फाळका दिवसांतून दहा वेळां आपटतो. बाजूच्या खांबावर, उभ्या माणसाचा हात पोंचेल अशा ठिकाणीं तें असावें, व वर पत्र्याचें छोटें टोपण द्यावें.

ट्रॅक्टर व ट्रॉली ह्यांच्या मध्यें ह्या कामाच्या चार तारा ओलांडाव्या लागतात: दोन बटणांमधील दोन, खुणेच्या दिव्याची एक, आणि परतीची एक. परतीची तार वांचवून लोखंडी सांगाड्यावरच भरंवसा ठेवण्याची रीत आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. हुकाच्या खिळीवर वंगण असतें, गंज असतो. गाडी हलली कीं दिवा लुकलुकतो. टेल लाइट व इंडिकेटर यांसाठीं सात खुंट्यांचा प्लग असतो. त्यांतील एखादी मोकळी खुंटी पाहून त्यांतच हें काम उरकूं नये. रंगांवर विसंबूं नये हें तर आहेच, कारण आपल्याकडच्या ट्रॉल्यांत मिस्त्रीस जी तार सांपडली ती त्यानें घातलेली असते. कामाच्या दिव्याचा प्लग निराळा ठेवावा, आणि तो निराळ्या घडणीचा असावा, म्हणजे अंधारांत एकाचा दुसऱ्यांत जाणार नाहीं.

जोडणी झाल्यावर तपासणी चार वेळां करावी: पुढें लावून पुढें मालवावा, पुढें लावून मागें, मागें लावून पुढें, आणि मागें लावून मागें. प्रत्येक वेळीं चालकासमोरचा ठिपका मागच्या दिव्याबरोबर लागतो व जातो कीं नाहीं हें दुसऱ्या माणसानें बैठकीवर बसून पाहावें. दोन बटणांमधल्या तारांपैकीं एकच तुटलेली असेल तर ह्या चारांपैकीं कांहीं वेळां दिवा लागेल व कांहीं वेळां लागणार नाहीं, आणि हा दोष एकदांच खटका दाबून पाहणाऱ्याच्या लक्षांत येत नाहीं. मग अर्धा तास दिवा जळूं द्यावा आणि प्लग, फ्यूजची डबी व बटणें ह्यांवर हात ठेवून पाहावा. जेथें कढत लागेल तेथला सांधा पुन्हां करावा. पावसाळा संपून ट्रॉली कापसासाठीं बाहेर काढली जाते तेव्हां प्लगच्या खुंट्यांवर हिरवट थर आलेला असतो. तो बारीक पॉलिश कागदानें घांसून काढावा, आणि दांडीखालची नळी उंदरांनीं कुरतडली आहे काय तेंही त्याच वेळीं पाहावें.