बाथला निघालीस? आधी तास मोज

अगं, सासू-सासऱ्यांना बाथ दाखवायचं ठरवलंस ते छान केलंस. पाहुणे येऊन दोन आठवडे झाले, लंडन आय आणि मादाम तुसाँ उरकलं, की इथल्या सगळ्यांनाच बाथ आठवतं. पण टूरचे पैसे भरण्याआधी माझं जरा ऐक. यातलं निम्मं मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सांगितलेलं आहे. त्या माझ्या कितीतरी आधी इकडे आल्या आणि नाशिक-पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे गाव दाखवलं. उरलेलं निम्मं माझ्या पदरचं.

जाऊबाई एकच प्रश्न विचारायच्या : गावं किती ते राहू दे, बाथमध्ये तास किती ते सांग. आताच्या जाहिराती बघ. विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ, तिन्ही एका दिवसात. पैशाच्या मानाने फार मिळतंय असं वाटतं. आता हिशेब कर. लंडनहून बाथ साधारण 185 किलोमीटर. कोचला एका बाजूला अडीच-तीन तास लागतात, रहदारी असली तर जास्तच. विंडसरला दोन तास, स्टोनहेंजला दीड-दोन. म्हणजे बाथच्या वाट्याला उरतो जेमतेम दीड तास, तोही दुपार कलल्यावर, माणसं दमल्यावर. एकट्या रोमन बाथ्सनाच, म्हणजे रोमनांच्या जुन्या स्नानगृहांनाच, नीट बघायला दीड तास हवा. तुझ्या सासऱ्यांसारख्या प्रत्येक पाटी वाचणाऱ्या माणसाला दोन. तेव्हा तीन गावांची टूर घेऊ नकोस. बाथ आणि आणखी एक ठिकाण, इतकंच असलेली घे. बाथमध्ये सलग चार तास मिळत असतील तर दहा-वीस पौंड जास्त गेले तरी चालतील.

विंडसरचा मोह अगदीच आवरत नसेल तर वार बघ. मंगळवारी आणि बुधवारी तिथला किल्ला पर्यटकांना बंद असतो. स्टोनहेंजला हे लक्षात ठेव की तिकीटघर दगडांपासून दोनेक किलोमीटर लांब आहे, तिथून शटल बस धरावी लागते, आणि एरवी दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरून बघायचं. पठारावर वारा मात्र मोप.

दुसरं म्हणजे 'गाइडेड' या शब्दावर भुलू नकोस. काही टूरमध्ये ड्रायव्हरच माइकवर चार वाक्यं बोलतो आणि गावात सोडून देतो. काहींत कोचमध्ये गाइड असतो, पण गावात उतरल्यावर तुम्ही मोकळे. ब्लू बॅज असलेला गाइड आहे का, ते फोन करून विचार. ती या देशातली गाइड लोकांची सगळ्यात वरची परीक्षा आहे, आणि तो फरक ऐकताक्षणी कळतो. रोमन बाथ्सचं तिकीट टूरच्या पैशात धरलंय का, हेही त्याच फोनवर विचारून घे. धरलं नसेल तर घरबसल्या वेळ ठरवून तिकीट काढ. तिथे शनिवार-रविवारचा दर आठवड्यातल्या दिवसांपेक्षा जास्त असतो आणि गर्दीही. नोव्हेंबरअखेर ख्रिसमसचा बाजार सुरू झाला की गावात पाय ठेवायला जागा नसते, शिवाय दुपारी चारलाच अंधार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर मे ते सप्टेंबर.

कोचच्या शिस्तीबद्दल सासूबाईंना आधीच कल्पना दे. "दोन मिनिटं थांबा, आमची माणसं येताहेत" हे इथे चालत नाही, आणि त्यात ड्रायव्हरचा उद्धटपणा नसतो. त्यांनी किती तास गाडी चालवायची ते कायद्याने बांधलेलं आहे. साडेचार तास चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. तो उशीर करून परत आला तर दंड त्याला. म्हणून सांगितलेल्या वेळेआधी दहा मिनिटं पोचायचं. उतरल्याबरोबर कोचच्या नंबरप्लेटचा आणि तो उभा आहे त्या जागेचा फोटो काढ. संध्याकाळी एकाच रंगाचे चार कोच ओळीने उभे असतात. गाइडचा नंबर सासऱ्यांच्याही फोनमध्ये घालून ठेव, फक्त तुझ्या नको.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या सासूबाई वज्रेश्वरीच्या कुंडांत न्हालेल्या आहेत. गरम पाण्याचं गाव म्हटल्यावर त्या टॉवेल आणि बदलायचं लुगडं पिशवीत घालणार. त्यांना घरातूनच सांग की रोमन बाथ्समध्ये उतरता येत नाही, हातसुद्धा पाण्यात घालायचा नाही. 1978 मध्ये या पाण्यातल्या अमिबामुळे मेंदूला संसर्ग होऊन एक मुलगी दगावली, तेव्हापासून ते स्नान बंद आहे. खरोखर आंघोळ करायची असेल तर थर्मी बाथ स्पा नावाची नवी जागा आहे, 2006 मध्ये उघडलेली. तिथे त्याच झऱ्यांचं पाणी शुद्ध करून वापरतात. गच्चीवर तलाव आहे, गरम पाण्यात बसून गावाची छपरं दिसतात. पण तिथे पोहण्याचा पोशाख लागतो, 16 वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि दोन तास त्यातच जातात. एका दिवसाच्या टूरमध्ये ते बसत नाही. नवऱ्याबरोबर पुन्हा कधीतरी मुक्कामाला जा, तेव्हा कर.

रोमन बाथ्समध्ये शिरताना बुटांकडे बघ. खाली दोन हजार वर्षांपूर्वीची फरसबंदी आहे, उंचसखल आणि कडेला ओली. सासूबाईंच्या चपला नकोतच, रबरी तळाचे बूट घालायला लाव. लिफ्ट आहे, लाजू नकोस, विचार. कानाला लावायचं ऑडिओगाइड तिकिटातच येतं. सगळे आकडे दाबत बसलीस तर दिवस जाईल, आवडेल तेवढंच ऐक.

वरच्या गच्चीतून पहिल्यांदा मोठा हौद दिसतो आणि सगळे तिथेच फोटो काढत थांबतात. तिथले रोमन सम्राटांचे पुतळे बघून सासरे भारावतील, पण ते पुतळे रोमन नाहीत, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत. खांबसुद्धा बुंध्यापासून वरचे नंतरचेच. म्हणून इथे मान वर करून नव्हे, खाली घालून बघायचं. हौदाच्या तळाला शिशाचे पत्रे आहेत, 45, रोमनांनी बसवलेले आणि अजून जागेवर. जादा पाणी ज्या गटारातून एव्हॉन नदीकडे जातं तेही त्यांनीच बांधलेलं. पाणी हिरवं दिसतं ते घाण आहे म्हणून नव्हे. रोमन काळी हौदावर उंच कमानीचं छप्पर होतं. ते पडलं, ऊन थेट पाण्यावर यायला लागलं आणि शेवाळ धरलं.

मूळ झरा शेजारी आहे. रोज 11 लाख 70 हजार लिटर पाणी वर येतं, 46 अंश सेल्सिअस. हे पाणी मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. ते चुनखडीतून खूप खोल उतरतं, तिथे तापतं आणि खडकातल्या भेगेतून वर येतं. रोमन येण्याआधी इथले लोक सुलिस नावाच्या देवीला मानत. रोमनांनी तिला हटवलं नाही, आपल्या मिनर्व्हाशी जोडून सुलिस मिनर्व्हा केलं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक कपाट चुकवू नकोस. शिशाचे लहान लहान पत्रे आहेत, 130 च्या आसपास, गुंडाळून झऱ्यात टाकलेले. त्यांवर लोकांनी देवीकडे चोरांची तक्रार लिहून दिली आहे. कुणाचा झगा गेला, कुणाचं भांडं. एकाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची अक्कल आणि डोळे जावोत असं मागणं आहे. कोकणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात ना, तेच हे, फक्त लॅटिनमध्ये. तुझ्या सासूबाई मालवणच्या, त्यांना हे कपाट सम्राटांच्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडेल. माझ्या मते तिथे बघण्यासारखं सगळ्यात जिवंत तेच आहे.

शेवटी झऱ्याचं पाणी चाखायला मिळतं. कोमट, लोखंडासारखी चव. एक घोट घे, पेलाभर नको, पुढे कोचचा प्रवास आहे. बाहेर पडण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात जाऊन यायला सांग. गावात शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

बाहेर आलं की समोर अॅबी, म्हणजे गावातलं मोठं चर्च. दर्शनी भिंतीवर दगडी शिड्या आहेत आणि त्यांवरून देवदूत चढताहेत. नीट बघितलंस तर एखादा डोकं खाली करून उतरताना दिसेल. याच जागी 973 मध्ये एडगर राजाचा राज्याभिषेक झाला, आणि इंग्लंडच्या राज्याभिषेकाचा विधी अजून त्यावेळच्या पद्धतीवर बेतलेला आहे. आत भिंतीभर स्मारकशिळा आहेत. वाचत गेलीस तर हिंदुस्थानचं नाव पुन्हा पुन्हा येईल. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पैसा करून आलेले लोक म्हातारपणी सांधे शेकायला इथेच यायचे.

पाय चालत असतील तर वर सर्कसपर्यंत जा, म्हणजे घरांच्या गोल चौकापर्यंत. थोरल्या जॉन वूडने तो आखला. तिथे 14 नंबरच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे. प्लासीचा क्लाइव्ह म्हणून सगळे त्याला ओळखतात, पण सासूबाईंना विजयदुर्ग सांग. 1756 मध्ये वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या हाच क्लाइव्ह होता, आणि इंग्रजांना बोलावलं होतं पेशव्यांनी. मालवणच्या माणसाला त्या पाटीसमोर उभं करायचं तर एवढं ठाऊक हवं.

तिथून पुढे दोन-तीन मिनिटांवर रॉयल क्रेसेंट. धाकट्या वूडने अर्धचंद्रात बांधलेली 30 घरं, 1767 ते 1775. समोरचा दर्शनी भाग एकसारखा आणि मागची बाजू प्रत्येकाने हवी तशी. तुझ्या लेकीला 'ब्रिजर्टन'मधलं घर म्हणून ते आधीच माहीत असेल. अॅबीपासून क्रेसेंटपर्यंत चढ आहे, सावकाश वीस मिनिटं. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना अॅबीसमोरच्या बाकावर बसव, तिथे कुणी ना कुणी वाजवत-गात असतं, आणि तुम्ही दोघी जाऊन या. जेन ऑस्टिनच्या नावाचं केंद्र वाटेत लागेल. तिची पुस्तकं वाचली असतील तरच पैसे घाल. ती 1801 ते 1806 इथे राहिली हे खरं, पण तिला हे गाव फारसं मानवलं नाही. त्याऐवजी आकाशाची आवड असलेल्याला न्यू किंग स्ट्रीटवरच्या 19 नंबरच्या घरी पाठव. विल्यम हर्शेलने त्या घराच्या मागच्या बागेतून 1781 मध्ये युरेनस शोधला. तिथे गर्दीही नसते.

पुल्टनी पूल पुलावर उभं राहून बघू नकोस. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, पूल आहे हेच कळत नाही. ग्रँड परेडच्या कठड्याशी ये, तिथून तो आणि खालचा पायऱ्यापायऱ्यांचा बंधारा दोन्ही दिसतात.

खाण्याचं म्हणशील तर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी घरून ने. कोचमध्ये वासाचं काही उघडू नकोस. बाहेर बसून खाताना सीगल पक्ष्यांपासून जप, हातातून पुरी उचलून नेतात. सॅली लनच्या घरचा बन बघण्यासारखा आहे, मोठा आणि मऊ, पण रांग असते, आणि सासूबाईंना अंडं चालत नसेल तर आधी विचारून घे.

एवढं सगळं ऐकून कोच नकोच वाटला, तर पॅडिंग्टनहून आगगाडी आहे. सुमारे दीड तास, आणि स्टेशनवरून अॅबी चालत दहा मिनिटांच्या आत. तिघं ते नऊ जण असाल तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्हमध्ये भाड्यात तिसरा हिस्सा सवलत मिळते, ती मागून घे. गाइडची सोयही होते : महापौरांचे मानद गाइड म्हणून गावातले स्वयंसेवक आहेत, रोमन बाथ्सना लागूनच असलेल्या पंप रूमच्या बाहेरून रोज लोकांना चालत गाव दाखवतात, फुकट, आणि बक्षिसी देऊ केली तरी घेत नाहीत. वेळ त्यांच्या पाटीवर बघून घे. ज्यांना दोन तास चालता येतं त्यांच्यासाठी कोचपेक्षा हेच चांगलं, हे माझं मत. पण सासऱ्यांना घराजवळून बसवून घराजवळ सोडणारी गाडी हवी असेल तर कोचच घे.

कुठली टूर घेतेस ते ठरव आणि पैसे भरण्याआधी मला फोन कर. बाथमध्ये किती वाजता पोचवतात आणि किती वाजता निघतात, ते दोन आकडे समोर घेऊन बस.