सोळा आण्यांची मोजणी

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका पूर्वी अवर्षणग्रस्त म्हणून ओळखला जाई. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने तेथील जमिनींवर सारा बसविला. तो इतका जड झाला, की पुष्कळ रयत शेते टाकून निघून गेली. पुढे १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी फेरपाहणी हाती घेतली. त्यांनी केवळ क्षेत्रफळ पाहिले नाही. मातीची खोली किती, रंग कोणता, तीत चुनखडी वा वाळू आहे काय, शेत उतारावर आहे काय, हे सारे तपासून त्यांनी प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरविली. उत्तम जमीन सोळा आण्यांची. मुरमाड जमीन थोड्या आण्यांची. हलक्या जमिनीवरील सारा हलका झाला आणि ओस पडलेली शेते पुन्हा नांगराखाली आली.

मुलांचा अभ्यास मोजणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न असतो. पीक किती आले, ते गुणपत्रिका सांगते. जमीन कशी होती आणि पाऊस किती पडला, हे तिच्यात नसते.

ही मोजणी खेड्यापाड्यांत करण्याचा एक मोठा उद्योग २००५ साली सुरू झाला. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या या पाहणीचे नाव 'असर'. असर म्हणजे परिणाम. जिल्ह्यातील ३० गावे निवडायची आणि प्रत्येक गावातील २० घरी जायचे, अशी तिची रीत आहे. स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातात, कारण शाळेत न येणारे मूल शाळेत कसे भेटणार? एकेका मुलाजवळ बसून ते त्याला अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे पन्नास मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२० च्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. २०२२ मध्ये ही संख्या ४३ च्या आसपास उतरली. मुलांची बुद्धी काही चार वर्षांत घटली नव्हती.

इंदापुरातील काही मुलांची शाळा मात्र साथ नसतानाही दरवर्षी सुटते. नीरेचा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांमुळे तालुक्यात ऊस आला. भवानीनगरासारख्या ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. आईबाप पहाटे फडात जातात. पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळण्यास थोरली बहीण राहते, आणि तिची इयत्ता गावाकडच्या हजेरीपटावर राहते. चार-पाच महिन्यांनी परतल्यावर वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. तिला कमी गुण मिळाले, तर वर्ग तिला 'ढ' म्हणून मोकळा होतो!

अशा मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. गावीच राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना 'शिक्षण हमी पत्रक' देण्याचीही योजना आहे. गावचे शिक्षक त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला कोठवर येते, ते लिहितात. नव्या गावच्या शाळेत ते दाखवावयाचे, म्हणजे तेथील गुरुजी त्यापुढून शिकवू लागतात. हंगाम संपून बिऱ्हाड परत निघाले, की भांड्याकुंड्यांबरोबर तो कागदही गाडीत चढतो.