बी लावली की तेच फळ येतं का? – आंबा, पपई आणि अननस यांचा घरचा पाठ



आजचा पाठ माझ्या एका चुकीपासून सुरू होतो. चार वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात 'बी आणि रोप' शिकवताना मी मुलांना सांगितलं होतं, "ज्या फळाची बी लावाल, तेच फळ मिळेल." वर्गातल्या एका मुलीने ते अगदी मनावर घेतलं. घरी आलेल्या हापूसची कोय तिने अंगणात लावली, रोज पाणी घातलं, रोपाला कुंपण केलं. पावसाळ्यात एक दिवस ती वर्गात आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, "बाई, आजोबा म्हणतात याला हापूस लागणार नाही. मग माझं झाड खोटं आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः कोकणातली, लहानपणापासून कलमांच्या बागा पाहिलेल्या, पण आंब्याला कलम का बांधतात हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं! त्या मुलीच्या आजोबांना शाळेत बोलावलं आणि पुढचा तास त्यांनीच घेतला. त्यातून हा पाठ तयार झाला. उन्हाळ्याची सुट्टी संपताना आणि शाळा सुरू होताना तो घरी किंवा वर्गात सहज घेता येतो.

पाठाची उद्दिष्टे

१. प्रत्येक फळझाड पुढची पिढी वेगवेगळ्या रीतीने तयार करतं, हे मुलांनी स्वतः पाहावं.
२. एकाच फळाच्या जातींची तुलना चवीने, वजनाने आणि हिशोबाने करता यावी.
३. फळ खाण्याजोगं करताना घरात जे केलं जातं त्यामागचं कारण शोधावं.

भाग पहिला : लावूया

बाजारातून चार फळं आणा – आंबा, पपई, अननस, केळं. मुलांना एकच प्रश्न विचारा, "यातून नवं झाड कसं करशील?" लगेच सांगू नका. मुलांना फळ कापून बघू द्या, सुरी मात्र मोठ्यांच्या हातात.

*केळं.* आडवं कापलं की मध्ये बारीक काळे ठिपके दिसतात. त्या न वाढलेल्या बिया. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. म्हणून केळीच्या बुंध्याशी येणारे मुनवे काढून लावतात. जळगावच्या बागा असोत की परसातली केळ, ती आधीच्या केळीचाच तुकडा असते.

*अननस.* फळाचा शेंडा पिळून काढा, खालची थोडी पानं सोला, तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि पाणी न साचणाऱ्या मातीत लावा. इथेही बी नाही. शेंड्यापासून फळ यायला दीड-दोन वर्षं किंवा जास्तही लागतात, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर पुढच्या महिन्यात "अजून कसा आला नाही?" सुरू होतं.

*पपई.* हिच्यात बियाच बिया. प्रत्येक बीवर एक बुळबुळीत आवरण असतं, ते उगवण रोखतं. बिया फडक्यावर चोळून आवरण काढा, धुवा, सावलीत वाळवा. एका डब्यात चोळलेल्या आणि दुसऱ्या डब्यात तशाच बिया पेरून फरक बघा. साधारण दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसतात. गावठी पपईत काही झाडं नर निघतात आणि काही मादी. फुलं आल्याशिवाय ते कळत नाही. लांब देठावर झुपक्याने लोंबणारी फुलं नराची, खोडाला चिकटून येणारी मोठी फुलं मादीची. म्हणून एकच रोप लावू नका, तीन-चार लावा.

*आंबा.* कोय धुवून, वरचं टणक कवच अलगद उघडून आतली बी काढा आणि लगेच पेरा. आंब्याची बी भाताच्या बियाण्यासारखी वर्षभर ठेवता येत नाही, सुकली की काही आठवड्यांत मरते. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचं सुंदर रोप वर येतं.

आता खरा प्रश्न. हापूसच्या कोयीतून आलेलं झाड हापूस का देत नाही?

मोहोराला दुसऱ्या झाडाचे परागकण लागलेले असतात. आईचा गर हापूसचा, पण आतला गर्भ आई-बाप दोघांचा. मुलांना असं सांगा, "तू आईसारखी दिसतेस, पण तू आई नाहीस. तशीच कोय." हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो असा मिश्र असतो. काही दक्षिणी जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात, त्यातले बरेचसे फक्त आईच्या पेशींपासून बनतात, म्हणून त्यांची रोपं आईसारखी निघतात. 'बी तशी फळं' हे माझं वाक्य तिथे बऱ्याच अंशी खरं ठरलं असतं. आमच्या अंगणात नाही.

आजोबांचा तास : कोय कलम

आजोबांनी आधी रायवळ आंब्याच्या कोयी पेरायला लावल्या होत्या. जुलैत रोपं दहा-पंधरा दिवसांची होती. ते म्हणाले, "पानं तांबडी आहेत तोवरच बांधायचं, हिरवी झाली की उशीर झाला." रोपाचा शेंडा कोयीपासून चार बोटांवर कापला, मधोमध उभी चीर दिली. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी आणली होती, तिची पानं आठ-दहा दिवस आधीच छाटून ठेवलेली. काडीच्या टोकाला पाचरीसारखा आकार दिला, ती चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. वर पिशवीची टोपी घालून रोपं सावलीत ठेवली.

आम्ही बारा कलमं बांधली. तीन आठवड्यांनी पाचांना फुटवे आले, सात वाळली. मुलं हिरमुसली. आजोबा हसून म्हणाले, "माझी पहिल्या वर्षी सगळीच वाळली होती." हे वाक्य मुलांना माझ्या पूर्ण पाठापेक्षा जास्त आवडलं!

मुळं रायवळची, फांदी हापूसची. काडी हा हापूसच्याच झाडाचा तुकडा, म्हणून फळ हापूसच. शिवाय कलमाला तीन-चार वर्षांत मोहोर येऊ लागतो, कोयीच्या झाडाला त्याहून बरीच वर्षं लागतात.

भाग दुसरा : तुलना करूया

हापूस, पायरी, केशर, तोतापुरी, रायवळ यांपैकी मिळतील ते तीन प्रकार घ्या. मुलांचे डोळे बांधून चव द्या. वास, गोडी, आंबटपणा, रेषा, सालीची जाडी या रकान्यांचा तक्ता करा आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायला सांगा. नाव आधी कळलं की मुलं हापूसलाच पाच देतात, म्हणून डोळे बांधायचे.

मग वजनकाटा घ्या. पूर्ण आंबा, साल, कोय असं वेगवेगळं वजन करा. समजा, एक आंबा २४० ग्रॅम, साल ३६, कोय ४४. म्हणजे गर १६० ग्रॅम, सुमारे ६७ टक्के. डझनाला ६०० रुपये दिले असतील तर एक आंबा ५० रुपयांचा आणि गराचा भाव किलोला ३१२ रुपये ५० पैसे पडला. आता रायवळ घ्या. समजा, १२० ग्रॅमचा आंबा ५ रुपयांना, गर फक्त ५४ ग्रॅम. गर अर्ध्याहून कमी, तरी किलोचा भाव सुमारे ९३ रुपये! आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या घरचे तुम्ही भरा. शेकडेवारी, भागाकार, दशांश सगळं एका आंब्यात होतं, आणि स्वस्त फळ कमी प्रतीचं असतंच का, यावर चांगली चर्चाही होते.

भाग तिसरा : करूया

*रायवळचं रायतं.* हापूस चिरून खातात, रायवळ चोखून. आकाराने लहान आणि रेषांचा म्हणून तो रायत्याला उत्तम. आठ-दहा पिकलेले रायवळ सोला, साली थोड्या पाण्यात पिळून तो रस आंब्यांत घाला. अर्धी वाटी ओलं खोबरं, एक चमचा मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या वाटून मिसळा. चवीप्रमाणे गूळ आणि मीठ. गोव्यात याच्याच भावंडाला सासव म्हणतात. मुलांना आधी अख्खी मोहरी चाखायला द्या, मग पाण्याबरोबर वाटलेली. झणझणीतपणा दाणा चिरडून पाणी लागल्यावरच येतो, हे जिभेला कळतं. आणि हो, कोयी फेकू नका, पहिल्या भागासाठी हव्यात.

*अननसाचा शिरा.* कच्चा अननस जिभेला चरचरतो, शिऱ्यातला चरचरत नाही, असं का? त्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, उष्णतेने ते निकामी होतं. कच्च्या पपईच्या चिकातही असंच विकर असतं, म्हणून मटण लवकर शिजावं यासाठी काही घरांत कच्ची पपई लावतात.

काळजी

आंब्याच्या देठाचा चीक अंगाला लागला तर त्वचा भाजल्यासारखी होते. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. आंबे पाण्यात ठेवून, धुवूनच मुलांच्या हातात द्या. कॅल्शियम कार्बाईड वापरून फळं पिकवायला भारतात कायद्याने बंदी आहे. घरी आढी घालायची तर गवत किंवा भाताचा पेंढा पुरतो. कलमाचा चाकू मोठ्यांनीच धरावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. सगळी झाडं कलमांचीच लावली तर काय हरवेल?
२. पहिला हापूस कुठून आला असेल? तेव्हा तर हापूसची काडीच नव्हती!

हा दुसरा प्रश्न वर्गात मी मुद्दाम विचारते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आंब्याच्या आपल्या बहुतेक जुन्या जाती कधीतरी कोयीतूनच उगवल्या. कुणाला तरी एका झाडाचं फळ आवडलं, त्याने त्याची काडी बांधली आणि ते झाड पुढे चालू राहिलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली, तिचीही सुरुवात एका कोयीच्या रोपानेच झाली.

मी वर्गात तिला तेच सांगितलं, "तुझं झाड खोटं नाही, नवं आहे. त्याला काय लागेल ते मला नाही सांगता येणार, आजोबांनाही नाही." आणि फळ्यावरचं माझं जुनं वाक्य सगळ्यांसमोर पुसलं.

आजोबांनी तिच्या झाडावर हापूसची काडी बांधून द्यायची तयारी दाखवली होती, तिने नको म्हटलं. ती आता नववीत आहे. झाड तिच्या डोक्यावर गेलंय, अजून मोहोर नाही. शाळेतल्या पाच कलमांपैकी तीन जगली आहेत. यंदा एकाला मोहोर आला, तो आजोबांच्या सांगण्यावरून आम्ही खुडून टाकला. झाड आधी अंगाने भरू दे, म्हणाले.

तुमच्या घरी या जूनमध्ये एक कोय तरी लावा आणि पेरल्याची तारीख मुलांना वहीत लिहायला सांगा.